रिक्षातून उतरल्यापासून डब्याच्या दारापर्यंत

आमच्या स्टेशनला लिफ्ट बसली तेव्हा ओळखीच्या लोकांनी फोन करकरून माझं अभिनंदन केलं. लिफ्ट चांगलीच होती. काचेची, रुंद दाराची, बटणांवर ब्रेल असलेली, वीज गेली तर जवळच्या मजल्यावर येऊन आपोआप दार उघडणारी. पण रिक्षा स्टँडकडून तिच्याकडे जाताना मध्ये दोन पायऱ्या होत्या. तिकीटघराच्या जुन्या ओट्याच्या पायऱ्या. लिफ्टचं कंत्राट वेगळं, त्या माणसांनी आपलं काम चोख केलं होतं. ओटा कोणाच्याच कामात धरलेला नव्हता.

स्टेशनचं नाव मी देत नाही. मुंबईच्या लोकलच्या कुठल्याही मार्गावर अशी दोन-चार स्टेशनं सहज सापडतील, आणि मला जे सांगायचंय ते एका स्टेशनापुरतं नाही.

मला लहानपणी पोलिओ झाला. एका पायाला कॅलिपर आणि काखेत कुबडी, अशी मी वर्षानुवर्षं लोकलने नोकरीला गेले. जिना कसा चढायचा हे अंगवळणी पडलं होतं. गाडी आली की आधी खांबाला टेकून गर्दी ओसरू द्यायची, मग कठड्याच्या कडेने एकेक पायरी. पन्नाशी जवळ आली तसे खांदे आणि चांगला पायही दगा द्यायला लागले. पोलिओतून वाचलेल्या स्नायूंनी आयुष्यभर दुप्पट काम केलेलं असतं, ते उतारवयाच्या आधीच थकतात. डॉक्टर त्याला पोस्ट-पोलिओ सिंड्रोम म्हणतात. त्यांनी व्हीलचेअर वापरायला सांगितली, आणि रोजचंच स्टेशन मला नव्याने शिकावं लागलं. कुबडीला दोन पायऱ्या म्हणजे थोडा त्रास. चाकाला एक पायरी म्हणजे भिंतच.

सुरुवात मी तक्रारवहीपासून केली. उत्तर आलं : लिफ्ट कार्यान्वित आहे. ते खरंच होतं. म्हणून पुढच्या वेळी प्रश्न बदलला. माहिती अधिकारात अर्ज केला आणि लिफ्टबद्दल काहीच न विचारता एवढंच विचारलं, की रिक्षा स्टँडपासून फलाटावरच्या दिव्यांगांच्या डब्यापर्यंत जी वाट जाते, तिचा कोणता भाग कोणत्या शाखेच्या ताब्यात आहे, आणि त्या प्रत्येक भागावर कोणतं काम मंजूर झालंय.

कायद्याने तीस दिवसांत मिळायला हवं ते उत्तर वेळेत मिळालं, आणि ते वाचताना मला आमच्या स्टेशनाचा उलगडा झाला. ओटा, रॅम्प, लाद्या, संडास हे इंजिनिअरिंगकडे. लिफ्ट आणि सरकते जिने इलेक्ट्रिकलकडे. घोषणा आणि इंडिकेटर सिग्नल अँड टेलिकॉमकडे. तिकीट खिडकी कमर्शियलकडे. गाडी कुठल्या फलाटावर घ्यायची हे ऑपरेटिंगकडे. बाहेरचा रस्ता आणि रिक्षा स्टँड तर रेल्वेचेही नाहीत, ते नगरपालिकेचे. प्रवासी या सगळ्यांतून एका दमात जातो, कागदावर मात्र त्याचे सहा तुकडे होतात. दोन पायऱ्या नेमक्या अशाच एका सांध्यावर होत्या.

पुढच्या पत्रव्यवहारात कायद्याचा आधार फार कामी आला, म्हणून थोडं सविस्तर सांगते. दिव्यांगजन हक्क अधिनियम २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. जुन्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. त्याच्या ४१व्या कलमात बस, रेल्वे आणि विमान प्रवासाच्या सोयींचा थेट उल्लेख आहे. ४५व्या कलमानुसार, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांच्या आत आधीपासूनच्या सार्वजनिक इमारती सुगम्य व्हायला हव्या होत्या. नियम १५ जून २०१७ चे, म्हणजे मुदत जून २०२२ मध्येच संपली. त्याआधी ३ डिसेंबर २०१५ रोजी सुगम्य भारत अभियान सुरू झालं होतं, त्यातही रेल्वे स्टेशनं होतीच. आणि ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना २०१७ च्या नियमांतला पंधरावा नियमच मूळ कायद्याशी विसंगत ठरवला. कायदा बंधनकारक म्हणतो आणि नियम नुसत्या मार्गदर्शक तत्त्वांकडे बोट दाखवतात, हे चालणार नाही, असा त्याचा गाभा. किमान काही गोष्टी सक्तीच्या करा आणि त्यासाठी तीन महिन्यांत नियम आणा, असं न्यायालयाने केंद्राला सांगितलं. अर्जात या तारखा घातल्या की पत्राची भाषा बदलते हे मी स्वतः पाहिलंय. ‘आपल्या सूचनेची नोंद घेतली’ याच्या जागी ‘कृपया पाहणीस उपस्थित राहावे’ येतं.

तर पाहणी ठरली. मी दोन गोष्टींचा आग्रह धरला. सगळ्या शाखांची माणसं एकाच वेळी यावीत, आणि माझ्यासोबत माझा अंध मित्र असावा. तो बँकेत काम करतो, रोज पांढरी काठी घेऊन लोकलने जातो, आणि स्टेशन माझ्यापेक्षा बारकाईने ओळखतो. व्हीलचेअरची गरज आणि काठीची गरज एक नसते. मला हवा असतो तो सपाट, अखंड उतार. त्याला पायाखाली फरक जाणवायला हवा असतो. एकाची सोय करताना दुसऱ्याची वाट लागते, असं अनेक ठिकाणी झालंय.

रिक्षा स्टँडपासून निघालो. ओट्याला लाकडी फळीचा तात्पुरता उतार लावलेला होता, नुकताच, बहुधा पाहणीसाठी. मी टेप काढली. फळीची लांबी दीड मीटरच्या आत, ओट्याची उंची तीस सेंटिमीटर. नियमाप्रमाणे रॅम्पचा उतार एकास बारा लागतो, म्हणजे एवढ्या उंचीला ३.६ मीटर लांबी. इंजिनिअर साहेब म्हणाले, “मॅडम, मागून कोणी ढकललं की चढेल की.” मी म्हटलं, “साहेब, मागून ढकलायला कोणी असेल तर पायऱ्याही चढता येतात, चौघं उचलतात. रोज एकटीने जायचं असेल तर आकडा बारा लागतो.” ते काही बोलले नाहीत, पण वहीत १:१२ लिहून त्याखाली रेघ मारली. पुढे तो रॅम्प खरोखर बारानेच झाला, आणि दोन्ही बाजूंना कठडा लागला.

हाच बाराचा हिशोब पुलाला लावला की लिफ्टचं महत्त्व कळतं. आपल्या मार्गांवर वरच्या तारांतून २५ हजार व्होल्ट वाहतात. त्यामुळे रुळांवरचा पूल साधारण साडेसहा मीटर तरी उंच बांधावा लागतो. तिथवर एकास बाराचा रॅम्प न्यायचा तर नुसता उतारच ७८ मीटर, वर मधले विसाव्याचे टप्पे वेगळे. शहरातल्या चिंचोळ्या स्टेशनांत एवढी जागा मिळत नाही. म्हणून पूल ओलांडायला लिफ्ट हा एकच मार्ग उरतो. ती बंद पडली की माझ्यासारख्या माणसासाठी अख्खा फलाट बंद पडतो. सरकता जिना तिची जागा घेऊ शकत नाही, कारण त्यावर व्हीलचेअर नेणं धोक्याचं असतं.

२९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ माणसं गेली. तोवर पादचारी पूल रेल्वेच्या हिशोबात ‘प्रवासी सुविधा’ म्हणून गणला जायचा. त्यानंतर तो ‘सुरक्षा’ या सदरात गेला आणि पुलांची कामं धडाधड मार्गी लागली. एका शब्दाची जागा बदलल्याने पैशांचा आणि घाईचा क्रम बदलतो. माझं म्हणणं आहे की लिफ्टही त्याच सदरात हवी. आग लागली, गर्दी उसळली, तर फलाटावरून मला बाहेर काढायचा दुसरा रस्ताच नाही.

फलाटावर आलो आणि मित्राने काठी टेकवली. पिवळ्या टाइल्सचा पट्टा सुरू झाला. या टाइल्स जपानच्या सेइची मियाके यांच्या कल्पनेतून आल्या, १९६७ साली ओकायामा शहरातल्या अंधांच्या शाळेजवळ पहिल्यांदा बसवल्या गेल्या. त्यांची भाषा दोनच अक्षरांची आहे. लांब उभ्या रेघा म्हणजे चालत राहा. गोल ठिपके म्हणजे थांब, पुढे वळण आहे, जिना आहे किंवा फलाटाची कड आहे. आमच्या फलाटावर रेघांचा पट्टा सरळ जाऊन एका बाकड्याखाली शिरला होता. बाकडं नंतर आलेलं. पुढे एका ठिकाणी पाण्याच्या नळाचा कट्टा त्या पट्ट्यावरच उभा. मित्राला हे सगळं पाठ होतं, तो सवयीने अलगद वळसा घालत होता. पण पट्टा ओळखीच्या माणसासाठी नसतो. तो पहिल्यांदा आलेल्या माणसासाठी असतो.

काम सुरू झाल्यावरचा एक प्रसंग माझ्या फार लक्षात राहिलाय. नव्या पट्ट्याचं काम रात्री चालायचं. एका संध्याकाळी परतताना आम्ही दोघं थांबलो, तर मिस्त्रींनी मधेच चार टाइल्स आडव्या लावलेल्या. रेघा चालण्याच्या दिशेला काटकोनात. आणि त्यापुढे, रेघांच्या टाइल्स कमी पडल्या म्हणून, ठिपक्यांच्या दोन बसवलेल्या. दिसायला सुबकच होतं, सांधे एका रेषेत, सिमेंट नीट पुसलेलं. मित्राने त्यांना विचारलं, “मिस्त्री, जरा चप्पल काढून यावर चालाल का? डोळे मिटून.” ते गोंधळले, पण चालले. पहिल्या पाच-सहा टाइल्सवर पाय सरळ पडत गेला. आडव्या टाइलवर आले तसे अडखळले, आणि ठिपक्यांवर आपोआप उभे राहिले. मित्र म्हणाला, “आत्ता तुम्ही थांबलात ना, तसाच मी उद्या इथे थांबेन. समोर काय आहे ते शोधत बसेन. आणि समोर काहीच नाही.” मिस्त्रींनी डोळे उघडले, पायाच्या बोटांनी पुन्हा एकदा ते ठिपके चाचपले. “दादा, हे कोणी सांगितलंच नाही हो आम्हाला. आम्ही पिवळा पट्टा म्हणून लावत होतो.” सिमेंट अजून ओलं होतं. त्यांनी करणी घालून सहाच्या सहा टाइल्स उचलल्या. त्यानंतर त्या पूर्ण फलाटावर एकही टाइल चुकीची बसली नाही. दुसऱ्या फलाटाचं काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी स्वतःहून मित्राला विचारलं, की जिन्याच्या आधी ठिपके किती अलीकडून सुरू करायचे.

मला वाटतं, या सगळ्या कामात सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत जास्त गुण देणारी गोष्ट हीच आहे. जो माणूस हाताने काम करतो, त्याला ते कशासाठी आहे हे सांगणं. नकाशा इंजिनिअरकडे असतो, टाइल मिस्त्रीच्या हातात असते.

बाकीची कामं भराभर सांगते. दिव्यांगांची तिकीट खिडकी बुटकी केलेली होतीच, पण तिच्यासमोर रांगेसाठी लावलेल्या स्टीलच्या पाइपांमधून माझी खुर्ची जात नव्हती. एक पाइप काढला, प्रश्न मिटला. दिव्यांगांच्या संडासाला कुलूप आणि आत झाडू, बादल्या, फिनेलचे डबे. ते सामान हलवायलाच सर्वांत जास्त वेळ लागला, कारण ठेवायला दुसरी खोली नव्हती आणि खोली द्यायची कोणी यावर शाखांचं एकमत होत नव्हतं. लिफ्टच्या दारावर आता चालू असण्याच्या वेळा आणि बिघाड झाल्यास फोन करायचा नंबर, दोन्ही लिहिलंय. पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत ती चालू राहावी हे आम्ही लेखी घेतलंय.

घोषणांचं मात्र तसं नाही. ‘गाडी फलाट क्रमांक अमुकऐवजी तमुकवर येत आहे’ ही ऐनवेळची घोषणा धडधाकट माणसाला जिन्यावरून पळवते. मला लिफ्टकडे वळेपर्यंत गाडी सुटलेली असते. कर्णबधिर प्रवाशाला तर इंडिकेटर बदलेपर्यंत पत्ताच नसतो. फलाट बदलावाच लागतो, ते मला मान्य आहे. पुढचा सिग्नल, मागची लांब पल्ल्याची गाडी, रखडलेली लोकल, ऑपरेटिंगवाल्यांच्या हातात त्या क्षणी फार काही नसतं. पण बदल ठरला की घोषणा आणि इंडिकेटर एकाच वेळी बदलावेत, आणि ते जमेल तितकं आधी व्हावं, एवढं मागितलंय. यावर अजून लेखी उत्तर आलेलं नाही.

आणि मग शेवटची वीतभर जागा. फलाटापासून डब्यापर्यंतची.

दिव्यांगांचा डबा जिथे थांबतो तिथे खूण असते आणि अंधांसाठी बीप वाजतो. मित्र त्या आवाजावर बरोबर दारासमोर उभा राहतो. ही व्यवस्था खरोखर छान आहे, आणि जिथे बीप बंद पडलाय तिथे तो आधी सुरू करा असं मी म्हणेन. माझी अडचण त्यानंतरची. फलाट खाली आणि डब्याची जमीन वर. २०१४ च्या जानेवारीत घाटकोपरला लोकल पकडताना फलाट आणि गाडीमधल्या पोकळीत पडून एका कॉलेजच्या मुलीने दोन्ही हात गमावले. त्यानंतर हा प्रश्न उच्च न्यायालयात गाजला आणि उपनगरी फलाटांची उंची ७६०-८४० मिलिमीटरवरून ९०० च्या पुढे नेण्याचं काम हाती घेतलं गेलं. त्याने पोकळीत पडण्याचा धोका घटला. पण डब्याची जमीन त्याहूनही वर आहे. फलाट गाडीला पूर्ण भिडवताही येत नाही, कारण धावती गाडी डोलते, वळणावर तिचा मधला किंवा टोकाचा भाग बाहेर येतो, आणि त्याच रुळावरून दुसऱ्या बनावटीच्या गाड्याही जातात. त्यात रुळाखाली नवी खडी भरली की रूळ उचलला जातो आणि फलाट तेवढा पुन्हा खाली राहतो. म्हणजे एकदा उंच केला आणि संपलं, असं हे काम नाही.

लोकल थांबते ती वीस-पंचवीस सेकंद. तेवढ्यात मी खुर्चीतून उठून दांडा धरते, कोणीतरी खुर्ची उचलून आत टाकतं. आमच्या डब्यात नेहमीचे लोक आहेत, ते माझी वाट पाहतात. कॅन्सरच्या उपचाराला जाणारे एक काका तर आपण आधी चढून वरून हात देतात. या माणसांमुळे माझी नोकरी टिकली, हे मी कधीच विसरणार नाही. पण हक्क हा कोणाच्या चांगुलपणावर सोडायचा नसतो. आणि ज्याला अजिबात उभं राहता येत नाही, त्याला या वीस सेकंदांत लोकल मिळूच शकत नाही. त्याच्यासाठी रॅम्प, लिफ्ट, टाइल्स, सगळं फलाटाच्या कडेपाशी येऊन संपतं.

यावर दोन उपाय मी मांडलेत. एक, घडीचा हलका रॅम्प, जो दिव्यांगांच्या डब्याजवळ ठेवलेला असेल आणि लावायला एक माणूस नेमलेला असेल. दोन, पूर्ण फलाट नाही तरी त्या डब्यासमोरचा तुकडा उताराने उंच करणं. इंग्लंडमध्ये हॅरिंग्टन नावाच्या छोट्या स्टेशनवर २००८ साली असा उंचवटा केला गेला आणि पुढे तो इतर ठिकाणीही गेला. आपल्याकडे अडचण अशी की बारा डब्यांची आणि पंधरा डब्यांची गाडी एकाच जागी थांबत नाही, त्यामुळे उंचवटा नेमका कुठे हा प्रश्न येतो. शिवाय डोलणाऱ्या गाडीपासूनचं अंतर तिथेही सांभाळावं लागतं. इंजिनिअर साहेबांनीच हे मला फलाटावर खडूने आखून दाखवलं. नकार द्यायचा म्हणून नाही, ते खरोखर जागा शोधत होते. सध्या त्यांचा कल घडीच्या रॅम्पकडे आहे, माणूस कोणत्या शाखेचा यावर बोलणी चालू आहेत. तिथे अडलं तर पुढचा अर्ज दिव्यांगजनांच्या मुख्य आयुक्तांकडे करता येतो. त्यांनी शिफारस केली की संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांच्या आत काय केलं ते कळवावं लागतं, आणि शिफारस मानली नाही तर कारणही द्यावं लागतं.

पुढच्या पाहणीची वेळ रेल्वेने पुन्हा सकाळी अकराची दिली होती. अकराला फलाट मोकळा असतो, लिफ्टसमोर कोणी नसतं, सगळं सुरळीत दिसतं. मी लेखी कळवलं की पाहणी संध्याकाळी सातला ठेवा, आणि पाऊस असेल तर पुढे ढकलू नका. लिफ्टच्या दाराशी पाणी तेव्हाच साचतं आणि रांगही तेव्हाच लागते. वेळ बदलून मिळालीय. मित्र त्याच्या ऑफिसातून थेट येणार आहे, आणि या वेळी नगरपालिकेचा माणूसही असणार आहे, कारण रॅम्प जिथे संपतो त्याच्या पुढचा खड्डा त्यांच्या हद्दीत येतो.